काँक्रीटमधल्या सळईला संरक्षक लेप: निवड, तयारी, हाताळणी आणि दुरुस्ती

काँक्रीटमधली सळई गंजायला लागते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. दिसतं ते फार उशिरा: सळईच्या रेषेतच गेलेली चीर, तिच्या कडेला तपकिरी डाग, हातोडीने ठोकलं तर बद्द वाजणारं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), आणि मग एक दिवस खाली पडलेला पोपडा. तोवर सळईचा बराच भाग खाल्ला गेलेला असतो. म्हणून लेपाचा विचार काँक्रीट ओतण्याआधीच करायला हवा. नंतर जे करतो ती दुरुस्ती, आणि दुरुस्तीला मर्यादा असतात.

साइटवर काम बघणारे इंजिनिअर, सुपरवायझर, फिटर आणि स्वतःचं बांधकाम करून घेणारे, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. कोणता लेप निवडला याला महत्त्व आहेच, पण तो सळईवर कसा चढला आणि काँक्रीट पडेपर्यंत कसा जपला, याला त्याहून जास्त महत्त्व आहे. चुकीच्या निवडीपेक्षा निष्काळजी हाताळणीनेच जास्त लेप वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे या लेखात हाताळणीवर जास्त भर दिला आहे.

आधी गंज समजून घ्या

सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, सिमेंटमधल्या सोडियम-पोटॅशियमच्या अल्कली त्यात मिसळतात आणि काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ म्हणजे उदासीन, जास्त म्हणजे अल्कधर्मी) साडेबारा ते साडेतेराच्या घरात जातो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, काही नॅनोमीटरचा थर धरतो. हा थर शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. म्हणजे सळईचा पहिला लेप काँक्रीट स्वतःच देतं, आणि तोही फुकट.

हा थर दोन प्रकारे मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट करतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. हे कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचलं की थर सर्वत्र विरघळतो आणि सळई सगळ्या अंगाने गंजू लागते. दुसरा शत्रू क्लोराइड. समुद्राचं पाणी, खारे वारे, खारं भूजल, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, कधी कधी वाळूतून किंवा मिश्रणाच्या पाण्यातूनच आलेलं मीठ, यांतून ते येतं. पीएच चांगला असला तरी क्लोराइड त्या थराला ठिकठिकाणी भोकं पाडतं आणि सळईत खोल खड्डे पडतात. खड्ड्यांचा गंज जास्त धोकादायक, कारण बाहेर फारसा डाग न दिसता एका जागी सळईची जाडी निम्म्यावर येऊ शकते.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं. ताणात काँक्रीटची ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण दशांश. आतून फुगणाऱ्या सळईपुढे ते टिकत नाही आणि फाटतं. एकदा चीर पडली की पाणी आणि हवा सरळ आत, आणि पुढचा वेग वाढतच जातो.

पायरी १: लेप खरंच लागणार आहे का ते ठरवा

सगळ्या बांधकामाला लेपाच्या सळ्या लागत नाहीत. कोरड्या, आतल्या भागातल्या बीम-कॉलमला चांगलं काँक्रीट आणि पुरेसं कव्हर बास होतं. लेपाचा विचार करायचा तो समुद्रकाठच्या बांधकामात, भरती-ओहोटीच्या आणि लाटांच्या तुषारांच्या पट्ट्यात, पुलांच्या डेकमध्ये (वाहनं चालतात तो स्लॅब), सांडपाण्याच्या टाक्यांत, खाऱ्या भूजलातल्या पायांत, जलतरण तलावात, रासायनिक कारखान्यांच्या फ्लोअरिंगमध्ये आणि जिथे कव्हर हवं तेवढं देताच येत नाही अशा पातळ भागांत.

लेपाचा खर्च करण्याआधी कव्हर आणि काँक्रीटचा दर्जा तपासा. कार्बोनेशनची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४० मिलिमीटर कव्हरच्या जागी २० पडलं, तर कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचायला निम्मा नाही, साधारण एक-चतुर्थांश काळ लागतो. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून ठरल्या अंतरावर ठेवणारे ठोकळे) सरकल्याने गेलेल्या त्या २० मिलिमीटरची किंमत इतकी मोठी असते. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये नाममात्र कव्हर सौम्य वातावरणासाठी २०, मध्यमसाठी ३०, तीव्रसाठी ४५, अतितीव्रसाठी ५० आणि टोकाच्या वातावरणासाठी ७५ मिलिमीटर दिलं आहे, आणि प्रबलित काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट गुणोत्तराची कमाल मर्यादा ०.५५ पासून ०.४० पर्यंत खाली येते. आधी हे पाळा. हनीकोम्ब झालेल्या (आत पोकळ्या राहिलेल्या), क्युरिंग न झालेल्या (पाणी मारून ओलं न ठेवलेल्या) काँक्रीटमध्ये कोणताही लेप सळईला फार काळ वाचवू शकत नाही.

पायरी २: लेप निवडा

व्यवहारात चार प्रकार समोर येतात.

पहिला, कारखान्यात चढवलेला फ्यूजन बाँडेड इपॉक्सी, म्हणजे एफबीई. सळई ब्लास्टिंगने (जोराने कण मारून) स्वच्छ करतात, साधारण २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि इपॉक्सीची कोरडी पावडर विद्युतभारित करून तिच्यावर फवारतात. पावडर वितळून पसरते आणि काही सेकंदांत कडक होते. अमेरिकी मानक एएसटीएम ए७७५ प्रमाणे बारीक सळ्यांवर हा थर १७५ ते ३०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो, जाड सळ्यांवर ४०० पर्यंत चालतो. हा निव्वळ अडथळ्याचा लेप आहे. पाणी, प्राणवायू आणि क्लोराइड यांना तो सळईपासून दूर ठेवतो, आणि जिथे फुटतो तिथे काहीच संरक्षण देत नाही.

दुसरा, हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग. सळई सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त आणि लोखंड यांचे मिश्रधातूचे थर तयार होतात, म्हणून हा लेप सळईला धातूनेच जोडलेला असतो आणि सहज सुटत नाही. चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन जाडी. भारी वर्गात यापेक्षा बरंच जास्त असतं. जस्ताचा मोठा गुण म्हणजे ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला वाचवतं. कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्येही ते चांगलं टिकतं, कारण साध्या लोखंडापेक्षा बऱ्याच कमी पीएचपर्यंत त्याला त्रास होत नाही. क्लोराइडही साध्या सळईपेक्षा जास्त सोसतं, पण अमर्याद नाही. सतत खाऱ्या पाण्यात भिजणाऱ्या भागात जस्त शेवटी संपतं.

तिसरा, सिमेंट आणि पॉलिमर यांचा लेप. सिमेंटची स्लरी (पातळ मिश्रण), त्यात गंजरोधक रसायन आणि पॉलिमर. कारईकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने अशा लेपाची पद्धत विकसित केली आणि भारतात ती बरीच वापरली गेली. सिमेंटचाच असल्याने काँक्रीटशी त्याची पकड चांगली राहते, सळईभोवतीचं वातावरण अल्कधर्मी राहतं आणि साइटवरच लावता येतो. साइटवर लावता येणं हीच त्याची कमजोर बाजूही आहे, कारण दर्जा पूर्णपणे लावणाऱ्यावर अवलंबून राहतो.

चौथा, झिंक-रिच (जस्ताचे भरपूर कण असलेला) इपॉक्सी प्रायमर किंवा दोन-तीन घटकांचा इपॉक्सी-सिमेंट लेप. हे मुख्यतः दुरुस्तीसाठी. त्यांच्याबद्दल पुढे.

माझी पसंती विचाराल तर: कार्बोनेशनचा धोका असेल, हाताळणी धसमुसळी होणार असेल, सळ्या बराच काळ उघड्या राहणार असतील, तर गॅल्व्हनाइज्ड. क्लोराइडचा मारा जबर असेल आणि साइटवर कडक देखरेख शक्य असेल, तर एफबीई. देखरेख शक्य नसेल तर एफबीईच्या नादी लागू नका. जास्त कव्हर आणि घट्ट काँक्रीट यांवर तोच पैसा लावा.

एफबीईबद्दल इतकं सावध बोलण्याला कारण आहे. पुलाच्या डेकमध्ये या सळ्या पहिल्यांदा १९७३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात वापरल्या गेल्या आणि डेकमध्ये त्यांनी बरंच चांगलं काम केलं. पण फ्लोरिडा कीज या बेटांवरच्या पुलांमध्ये १९८६ मध्ये, बांधकामानंतर थोड्याच वर्षांत, पाण्यालगतच्या खांबांमधल्या इपॉक्सीच्या सळ्या गंजलेल्या सापडल्या. उष्ण, खारं, सतत ओलं वातावरण, हाताळणीत आणि वाकवताना झालेली इजा, आणि लेपाची सळईवरची सुटलेली पकड, असं सगळं एकत्र आलं होतं. यातून घ्यायचं ते एवढंच: सळईला चिकटून न राहिलेला लेप दिसायला अखंड असला तरी त्याच्या खाली पाणी फिरतं.

आणि हे लावू नका

रेड ऑक्साइड. सळ्यांना तांबडा रंग मारून काँक्रीटमध्ये टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. अल्किड किंवा तेलाच्या आधाराचे रंग काँक्रीटच्या अल्कलीत साबणासारखे विघटित होतात आणि सळई व काँक्रीट यांच्यामध्ये एक निसरडा थर उरतो. गंज थांबत नाही, वर पकड जाते. वापरलेलं इंजिन ऑइल आणि डिझेल चोळणं तर त्याहून वाईट. शटरिंगचं तेल सळईवर सांडलं असेल तर तेही पुसून काढायलाच हवं. डांबरी रंगाचंही तेच.

पूर्वताणित काँक्रीटच्या (आधीच ताण दिलेल्या) तारांना आणि स्ट्रँडना (पिळलेल्या तारांच्या जुड्यांना) साइटवर आम्लाने धुणं किंवा मनाने गॅल्व्हनाइज करणं पूर्ण टाळा. जास्त ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं आणि ताणाखाली अचानक तुटतं. त्यांचं गंजरक्षण वेगळं आहे आणि ते डिझायनरनेच ठरवायचं.

पायरी ३: पृष्ठभाग

नव्या टीएमटी सळईवर (आजची नेहमीची बरगड्यांची सळई) निळसर काळी मिल स्केल, म्हणजे कारखान्यात तापलेल्या लोखंडावर धरलेली ऑक्साइडची पापडी, असते. उघड्या सळईला ती किंवा पातळ गंज फारसा बाधत नाही. हलका तांबूस गंज असलेली सळई काँक्रीटशी चांगलीच पकडते, ती उगीच घासत बसायची गरज नाही. पण लेप द्यायचा असेल तर हिशेब बदलतो. मिल स्केल उद्या लोखंडापासून सुटणारच, आणि लेप तिच्यावर चढवला असेल तर तिच्यासोबत सुटेल.

कारखान्यातल्या एफबीईसाठी एसए अडीच दर्जाचं ब्लास्टिंग लागतं, म्हणजे जवळजवळ पांढरं लोखंड, आणि पृष्ठभागावर ४० ते १०० मायक्रॉनचा खडबडीतपणा. साइटवर लावायच्या लेपासाठीही शक्य असेल तिथे ब्लास्टिंगच करा. अगदीच शक्य नसेल तर यांत्रिक वायर ब्रश. हाताच्या वायर ब्रशने उंच भाग चकचकीत होतात, पण सळईच्या बरगड्यांच्या मुळाशी गंज तसाच राहतो. लेप सुटायला सुरुवात नेमकी तिथूनच होते. म्हणून साफ केलेली सळई हातात फिरवून, उजेड तिरका पाडून बरगडीच्या मुळाकडे बघा.

हायड्रोक्लोरिक आम्लाने गंज काढला तर पुढे भरपूर स्वच्छ पाण्याने धुणं आणि उदासीन करणं आलंच. ते नीट झालं नाही तर क्लोराइड सळईवर स्वतःच्या हाताने लावल्यासारखं होतं. शक्यतो हा मार्ग टाळा.

ब्लास्टिंग आणि लेप यांच्यात वेळ जाऊ देऊ नका. दमट हवेत काही तासांत तांबूस झाक येते. सळईचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) किमान ३ अंश जास्त असावं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा लेपाखाली अडकतो. साफ केलेल्या सळईला उघड्या हाताने धरू नका. घामातही मीठ असतं.

पायरी ४: आलेला माल तपासा

गाडीतून सळ्या उतरायच्या आधी हे करा, उतरल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र हातात घ्या. चुंबकीय जाडीमापकाने बरगड्यांच्या मधल्या सपाट भागावर वेगवेगळ्या ठिकाणी जाडी मोजा. अडथळ्याच्या लेपाला डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना हॉलिडे म्हणतात. ओला स्पंज लावलेला ६७.५ व्होल्टचा डिटेक्टर सळईवरून फिरवला की छिद्रावर तो वाजतो. सरासरीने मीटरला ३ पेक्षा जास्त छिद्रं असतील तर तो माल नाकारा.

पकड बघायची सोपी चाचणी चाकूने होते. धारदार पात्याने लेपावर लोखंडापर्यंत जाणारी फुली मारा आणि टोकाने कोपरा उचकटून बघा. चांगला लेप कणाकणाने निघतो, पातं जोर लावून रेटावं लागतं. पट्टीसारखा सोलून आला तर समजावं की सळई नीट साफ झालेली नव्हती. चाचणीची जागा लगेच पॅच करा.

गॅल्व्हनाइज्ड सळईवर जस्ताचे गोळे, टोकदार थेंब, न चढलेले काळे डाग बघा. जस्त ताज्या काँक्रीटच्या अल्कलीशी अभिक्रिया करून थोडा हायड्रोजन सोडतं आणि त्याने पकड कमी होऊ शकते, म्हणून क्रोमेटची प्रक्रिया करून घेण्याची पद्धत आहे. ती झाली आहे का, हे पुरवठादाराला विचारा.

पायरी ५: उचलणं, साठवणं, वाकवणं, बांधणं

लेपाचं बरंवाईट बहुतेक इथेच ठरतं.

उचलायला लोखंडी साखळी किंवा तारेचा दोर नको, नायलॉनचे रुंद पट्टे वापरा. गठ्ठा लांब असेल तर दोनापेक्षा जास्त ठिकाणी आधार द्या, कारण मधे झोळ पडला की सळ्या एकमेकींवर घासतात. गठ्ठ्यातून एकच सळई ओढून काढू नका. पट्टे सोडा आणि उचलून घ्या. जमिनीवर टाकू नका, लाकडी ओंडक्यांवर ठेवा, थर असतील तर प्रत्येक थरामध्ये लाकूड. इपॉक्सीला उन्हातले अतिनील किरण मानवत नाहीत. महिनाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायच्या असतील तर अपारदर्शक ताडपत्रीने झाका, पण खालून हवा खेळती राहू द्या, नाहीतर आत दव साचतं.

वाकवायच्या यंत्राच्या रोलरवर आणि मँड्रेलवर (ज्या गोल दांड्याभोवती सळई वाकते) नायलॉनचे किंवा प्लास्टिकचे स्लीव्ह चढवा आणि वेग कमी ठेवा. मँड्रेलचा व्यास मानकात दिलेल्यापेक्षा लहान घेऊ नका. वाकवल्यावर बाकाची बाहेरची बाजू भिंगातून बघा, बारीक चिरा तिथे येतात. थंडीत लेप कडक होतो, चिरा जास्त पडतात. गॅल्व्हनायझिंगसाठी शक्य असेल तर सळई आधी वाकवा, मग जस्तात बुडवा. नंतर वाकवायचीच असेल तर मोठ्या त्रिज्येने, आणि जस्ताचे पापुद्रे सुटले असतील तिथे झिंक-रिच रंग लावा. एकदा वाकवलेली लेपाची सळई साइटवर पाइप घालून परत सरळ करणं हा प्रकार बंदच करा.

कापायला गॅस कटर नको. कात्री किंवा आरी. आता कापलेल्या टोकाकडे जवळून बघा: मधे चकचकीत लोखंड, कडेला लेपाचा फाटलेला, किंचित वर उचललेला काठ. हाच काठ पुढे पाण्याला आत घेतो. चाकूने तो सुटा काठ कापून टाका, बारीक पॉलिश पेपरने कडेच्या लेपावरून दोन बोटं रुंदीचा पट्टा खरबरीत करा, धूळ पुसा, आणि दोन घटकांचं पॅचिंग इपॉक्सी टोकावरून लेपाच्या अंगावर चढेल असं लावा. हे काम त्याच पाळीत संपलं पाहिजे. उद्यावर टाकलेलं टोक सकाळी तांबूस दिसतं आणि मग कोणी ते साफ न करताच इपॉक्सी मारतो.

बांधायला साधी बाइंडिंग वायर वापरू नका, ती लेप कापते आणि स्वतः गंजते. प्लास्टिकचा किंवा इपॉक्सीचा लेप असलेली तार घ्या. खुर्च्या (वरची जाळी उचलून धरणारे आधार) आणि स्पेसर प्लास्टिकचे किंवा लेपाचे. सिमेंटचे कव्हर ब्लॉक चालतात, पण त्यांचं काँक्रीट मुख्य काँक्रीटइतकंच घट्ट हवं. बांधलेल्या जाळीवरून चालायला फळ्या टाका. पंपाचा पाइप जाळीवर आपटू देऊ नका.

एक गोष्ट डिझाइनच्या पातळीवरची, पण साइटवर मोडली जाते. एकाच भागात लेपाच्या आणि बिनलेपाच्या सळ्या मिसळू नका. वरची जाळी इपॉक्सीची आणि खालची साधी, आणि दोन्ही धातूने जोडलेल्या, असं झालं तर खालची मोठी जाळी कॅथोड (न गंजणारं टोक) होते आणि वरच्या लेपातल्या एका ओरखड्यावर सगळा गंज एकवटतो. गॅल्व्हनाइज्ड आणि साध्या सळ्या जोडल्या तर सांध्याजवळचं जस्त साध्या सळईसाठी झिजत राहतं.

इपॉक्सीचा थर गुळगुळीत असल्याने काँक्रीटची पकड कमी होते, म्हणून लॅप (दोन सळ्या एकमेकींवर घेतलेली लांबी) आणि डेव्हलपमेंट लेंग्थ (पकडीसाठी काँक्रीटमध्ये लागणारी सळईची लांबी) वाढवावी लागते. अमेरिकी काँक्रीट मानक एसीआय ३१८ मध्ये कव्हर सळईच्या व्यासाच्या ३ पटींपेक्षा किंवा मोकळं अंतर ६ पटींपेक्षा कमी असेल तर गुणक १.५, एरवी १.२ आहे. ड्रॉइंग साध्या सळ्यांचं आहे आणि माल इपॉक्सीचा आणला, तर लॅप अपुरा पडतो. डिझायनरकडून ड्रॉइंग बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ६: इजा शोधा आणि भरा

काँक्रीटच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून जाळी तपासावी. एक बघतो, दुसरा खडूने खूण करतो. ३० सेंटिमीटर लांबीत इजा झालेला भाग पृष्ठभागाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती सळई बदला. त्याहून कमी असेल तर प्रत्येक दिसणारा ओरखडा भरा.

पॅचिंगचा माल त्या लेपाशी सुसंगत, लेप पुरवणाऱ्याने सुचवलेलाच घ्या. दोन घटक अंदाजाने मिसळू नका, पूर्ण डबे एकत्र करा. कमी लागत असेल तर लहान पॅक मागवा. भांड्याचा तळ आणि कडा खरवडून ढवळा, नाहीतर न मिसळलेला रेझिन तिथेच राहतो आणि शेवटचे पॅच कधीच वाळत नाहीत. ओल्या किंवा दव पडलेल्या सळईवर लावू नका. वाळायला उत्पादकाने दिलेला वेळ सोडा. पॅच बोटाला चिकट असताना काँक्रीट ओतणं म्हणजे पॅच न केल्यासारखंच.

पायरी ७: काँक्रीट ओतताना

व्हायब्रेटरच्या सुईला रबराची टोपी असावी. उघडं लोखंडी डोकं फिरताना सळईला लागलं की लेप चुरतो, आणि ही इजा पुढे कधीच कोणाला दिसत नाही. काँक्रीट फार उंचावरून टाकू नका. गॅल्व्हनाइज्ड किंवा इपॉक्सी, कोणतीही सळई असली तरी क्युरिंगमध्ये सूट नाही.

साइटवर सिमेंट-पॉलिमरचा लेप लावायचा असेल तर

ब्लास्टिंग किंवा यांत्रिक घासणी, मग उत्पादकाने दिलेल्या क्रमाने गंजरोधक द्रव आणि स्लरी. स्लरी सतत ढवळत ठेवा, सिमेंट तळाशी बसतं आणि वरचा ब्रश पातळ पाण्यात बुडतो. पहिला हात सळईच्या लांबीने, दुसरा आडवा, म्हणजे बरगडीच्या दोन्ही बाजू भरतात. पहिला हात पूर्ण वाळू द्या. सळईखालची बाजू हमखास सुटते. तिला आरशाने बघा किंवा सळई फिरवून लावा. लेपानंतर सळई वाकवायची नाही, म्हणून कापणं-वाकवणं आधी उरका. रिंगांच्या (मुख्य सळ्यांभोवतीच्या आडव्या कड्यांच्या) कोपऱ्यांवर लेप पातळ होतो, तिथे तिसरा हात द्या.

पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या

कॉलममधून वर आलेल्या सळ्या महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे उघड्या राहतात. गंज सगळ्यात जास्त तिथे लागतो जिथे सळई काँक्रीटमधून बाहेर पडते, कारण त्या घळीत पाणी साचतं. तिथे नखाने खरवडून बघा, वरचा भाग ठीक वाटला तरी बुंध्याशी सळई बारीक झालेली सापडते.

थोड्या महिन्यांचा प्रश्न असेल तर घट्ट सिमेंट-पॉलिमर स्लरीचे दोन हात आणि बुंध्याशी पाणी वाहून जाईल असा उतार. जास्त काळ असेल तर सळ्यांना लेप देऊन त्याभोवती कमी ताकदीच्या काँक्रीटचं आवरण घाला, पुढे ते फोडता येतं. काम सुरू करताना साध्या स्लरीचा सुटा थर वायर ब्रशने पूर्ण काढा. व्यास कॅलिपरने मोजा आणि कमी भरला तर त्याच सळईवर लॅप घेऊ नका, डिझायनरला विचारा.

जुन्या काँक्रीटची दुरुस्ती

नुसता पोपडा काढून, सळईला रंग मारून वरून प्लास्टर केलं तर काही पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा फुगतो. पद्धत अशी: आधी बीमला किंवा स्लॅबला टेकू द्या. हातोडीने ठोकून पोकळ भागाची हद्द आखा. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचा द्रव शिंपडा; गुलाबी झालेलं काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, रंग न बदललेलं कार्बोनेट झालंय. काँक्रीट सळईच्या मागे किमान २० मिलिमीटर जाईपर्यंत काढा, आणि लांबीने सळई स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जा. सळईची पाठ तशीच गंजकी ठेवून पुढून लेप लावण्यात काहीच हशील नाही.

ब्लास्टिंगने सळई सर्व बाजूंनी साफ करा. क्लोराइडच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, म्हणून स्वच्छ पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, वाळवा, आणि काही तासांनी पुन्हा बघा. त्याच खड्ड्यांतून गडद ठिपके परत उमटले तर मीठ अजून आत आहे, पुन्हा धुवा. सळईची घट डोळ्यांना जाणवण्याइतकी असेल तर जोड-सळईचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

मग लेप. झिंक-रिच इपॉक्सी लावायचं तर ते लखलखीत लोखंडावरच, कारण जस्ताच्या कणांचा लोखंडाशी विद्युत संपर्क आला तरच ते काम करतं. गंजावर लावलेलं झिंक-रिच साधा राखाडी रंग ठरतं. ते फक्त सळईवर लावा. बाजूच्या जुन्या काँक्रीटवर फासलं तर दुरुस्तीच्या मॉर्टरची पकड जाते. इपॉक्सी-सिमेंटचा लेप असेल तर दोन हात मिळून साधारण एक-दोन मिलिमीटर, आणि मॉर्टर भरायची वेळ उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे.

क्लोराइडने बाधित बांधकामात एक गोष्ट आधीच मालकाला सांगा. दुरुस्त केलेल्या तुकड्यातली सळई आता सुरक्षित असते आणि लगतच्या जुन्या, मिठाच्या काँक्रीटमधल्या सळईला उलट जोराने गंज लागतो. वर्ष-दोन वर्षांत पॅचच्या कडेला नवी चीर दिसते ती यामुळे. अशा ठिकाणी पॅचच्या कडेने जस्ताचे छोटे अ‍ॅनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) सळईला बांधून पुरतात. अ‍ॅनोडची तार साफ केलेल्या उघड्या लोखंडाला घट्ट बांधायची, लेपावर नाही. मीठ सगळीकडे पसरलं असेल तर कॅथोडिक प्रोटेक्शनचा (सळईला सौम्य विद्युतप्रवाह देऊन गंज रोखण्याचा) विचार करावा लागतो.

पुढची तपासणी

काम संपलं की नोंदी ठेवा: सळ्यांचा बॅच, जाडीची मोजमापं, पॅच केलेल्या जागांचे फोटो, कव्हर मीटरने मोजलेलं कव्हर, कोणत्या भागात कोणता लेप. वीस वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्याला यातली प्रत्येक ओळ उपयोगी पडते.

साध्या सळ्यांच्या बांधकामात हाफ-सेल पोटेन्शियलची चाचणी, म्हणजे सळईचा विद्युतदाब पृष्ठभागावरून मोजणं, करतात. तांबे-मोरचूद विद्युताग्राच्या तुलनेत उणे ३५० मिलीव्होल्टपेक्षा जास्त ऋण मोजमाप आलं तर गंज सुरू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. हे आकडे इपॉक्सी किंवा जस्ताच्या सळ्यांना तसेच लावू नका. इपॉक्सीच्या सळ्या एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या तुटलेल्या असू शकतात, आणि जस्ताचं पोटेन्शियल मुळातच जास्त ऋण असतं, त्यामुळे निरोगी सळईही गंजल्यासारखी दिसते. तिथे दर काही वर्षांनी ठोकून बघणं, पृष्ठभागापासून वेगवेगळ्या खोलीवर ड्रिलने भुकटी काढून क्लोराइड मोजणं, आणि शंका आली तर एखाद्या जागी कव्हर उघडून सळई प्रत्यक्ष पाहणं हेच करावं. उघडलेली ती जागा लेप आणि मॉर्टर लावून त्याच दिवशी बंद करा.